इंद्रजितचे मार्क

"तुझी मिशी, माझी पाटी. बोल, हाय का दम?" मुरली गिऱ्हाइकाच्या मानेवर पावडर मारता मारता म्हणाला.

"दम विचारतो कुणाला? लाव."

गिऱ्हाइकाला आरशातून साक्षीदार केलं आणि पैज लागली.

तासगावच्या एसटी स्टँडसमोरच्या चौकात माझं फ्लेक्सचं दुकान आणि मुरलीचं केस कापायचं दुकान यांच्यामधे एकच भिंत होती. ह्या गोष्टीला पंधरा वर्षं झाली असतील. तेव्हा मी सदतिशीचा होतो, आणि माझी मिशी तालुक्यात गाजलेली होती. माझ्या खोड्या तर त्याहून जास्त. एकदा चौकातल्या खड्ड्याशेजारी मी फ्लेक्स लावला होता, 'खड्डा क्रमांक सात, भव्य उद्घाटन उद्या सकाळी दहा वाजता'. दुसऱ्या दिवशी दहाला चाळीस माणसं हजर, त्यात दोन नगरसेवक. मुरली आठवडाभर हसत होता.

ही पैज निघाली ती शतगुण क्लासेसच्या फ्लेक्सवरून. क्लास माझ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. मालक कोळेकर सर. दहावीचा निकाल लागला होता, आणि 'आमचे यशाचे मानकरी' म्हणून चोवीस पोरांचे फोटो त्यांनी माझ्याकडे पाठवले होते. मुरली माझ्या खांद्यावरून कॉम्प्युटरमधे डोकावत होता.

"वश्या, ही झिपरी पोरगी मी काल दुसऱ्या क्लासच्या बोर्डावर बघितली."

"मग? तिसऱ्या क्लासच्या बोर्डावर पण आहे. तो पण मीच छापलाय. अरे, मार्क चांगले पडले की फोटो गावभर फिरतो. कोण कुठं शिकलं ते कोण विचारतंय?"

"पण सरांना तर म्हाईत असणार की. मास्तर हाय तो. आपली पोरं वळखत न्हाई व्हय?"

मुरलीची ही एक खोड होती. मास्तर म्हटलं की त्याचा हात आपोआप नमस्काराला कपाळाकडं जायचा.

"मी ह्यात एक पोरगं नवीन घालतो," मी म्हणालो. "जगात नसलेलं. आठ दिवस चौकात टांगलेलं राहील आणि एक माणूस ओळखणार नाही. तुझा मास्तर पण नाही."

तिथून ठरलं. आठ दिवसांत कुणी पकडलं तर मी हरलो. मग भर चौकात स्टुलावर बसून मुरलीच्या हातून अर्धी मिशी उतरवून घ्यायची आणि पुढचे आठ दिवस तशीच अर्धी मिरवायची. नाही पकडलं तर मुरलीनं दुकानावर पाटी लावायची, 'इथे केस वाकडे कापले जातात'.

फोटो मी माझाच टाकला. दहावीच्या हॉलतिकिटाचा, काळापांढरा, तेल लावून चोपलेला भांग. कॉम्प्युटरवर रंग भरला, शेजारच्या पोराचा चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. मिशी नसलेला मी मलाच ओळखू येईना. नाव दिलं, इंद्रजित पोपट भोसले. पोपट हे माझ्या वडिलांचं नाव, तेवढं खरं ठेवलं. टक्के ९७.४०. पहिला नंबर दिला असता तर कुणीतरी पत्ता काढला असता, म्हणून तिसरा ठेवला. आणि खाली, हात थांबेना म्हणून, एक ओळ जास्तीची लिहिली, 'वडील रोजंदारीवर, तरी जिद्द आभाळाएवढी!'

माझे वडील बेदाण्याच्या शेडवर रोजंदारीला होते. जिद्दीचं मात्र मला काही सांगता येणार नाही.

आमच्या धंद्यात छापण्याआधी गिऱ्हाइकाला प्रूफ दाखवायचं असतं. सर आले, स्क्रीनपुढं वाकले, आणि मधोमध असलेला स्वतःचा फोटो बघायला लागले.

"वसंतराव, चेहरा जरा उजळ करा. टाय निळा होईल का?"

"होईल की. बाकी पोरांची नावं, टक्के बघून घेता?"

"बाकी चालवा."

बाकी चालवा. मी टेबलाखाली स्वतःच्या मांडीला चिमटा काढला, हसू बाहेर पडू नये म्हणून.

सोमवारी फ्लेक्स चढला. वीस फूट बाय दहा. सोमवार गेला, मंगळवार गेला. मी आणि मुरली चहा घेऊन समोर उभे राहायचो आणि येणाऱ्याजाणाऱ्याची तोंडं बघायचो. लोक बघायचे, कौतुक करायचे. एका बाईनं तर माझ्यासमोर फ्लेक्सवरच्या माझ्याकडं बोट दाखवून आपल्या पोराच्या टाळक्यात टपली मारली. "बघ जरा, कसा गुणी दिसतोय!" मला चहाचा ठसका लागला.

बुधवारी वीज गेली होती म्हणून मी जिन्याच्या पायरीवर वारा खात बसलो होतो. कोळेकर सर अकरावीच्या प्रवेशाला आलेल्या एका माणसाला आणि त्याच्या पोरीला घेऊन खाली आले. माणूस वाळलेला, कपड्यांना बेदाण्याच्या गंधकाचा वास. तो वास मी ओळखतो, आमच्या घरात रोज संध्याकाळी यायचा. पोरगी पंधरा-सोळाची, पिवळा ड्रेस, दोन वेण्या. सर फ्लेक्सकडं हात करून सांगत होते,

"हा बघा इंद्रजित. आपल्या क्लासमधला. खिडकीजवळच्या दुसऱ्या बाकावर बसायचा. रात्री चार तास झोप, बाकी अभ्यास. वडील तुमच्यासारखेच, रोजंदारीवर."

मी पायरीवर बसल्या बसल्या गार पडलो. खोडी माझी होती, पण तिला बाक मी दिला नव्हता. खिडकी मी दिली नव्हती.

माणूस पोरीकडं वळला. "रेवती, ऐकलंस? त्याचा बाप पण माझ्यासारखाच. मग तुला दहावीला का एक्काहत्तर?"

पोरगी मान वर करून फ्लेक्सकडं बघत राहिली. किती वेळ बघत होती! मग सरांना म्हणाली, "सर, तो आता कुठं असतो?"

"पुण्याला," सर झटकन म्हणाले. "सायन्सला."

ते दोघं गेले. जाताना बाप पुढं चालत होता आणि पोरगी दहा पावलं मागं. आलेले तेव्हा बरोबर चालत होते का, ते मी बघितलं नव्हतं.

गुरुवारी मी वर गेलो. सर एकटेच होते, वर्गाच्या भिंतीवर कसलंसं वेळापत्रक चिकटवत होते.

"सर, त्या फ्लेक्सवरचा तिसरा पोरगा..."

"तुम्ही घातलेला?" सर मागं न वळता म्हणाले. "मला दुसऱ्याच दिवशी कळलं, वसंतराव. मी काय डोळे मिटून फिरतो का?"

माझा हात मिशीवर गेला. "मग... मग काढू का?"

"काढू नका." ते वळले. चेहरा हसरा होता, आणि त्या हसऱ्या चेहऱ्याचीच मला पहिल्यांदा भीती वाटली. "बाकीची पोरं सगळी श्रीमंत दिसतात हो. ह्याच्याकडं बघून गरिबाला वाटतं, आपलं पण पोरगं करील. ह्या आठवड्यात अकरा प्रवेश झाले, त्यातले सात नुसते ह्याच्यावर. कोण आहे तो?"

"कुणी नाही. सर, पण तुम्ही बाक सांगता, झोप सांगता... ती लोकं खरं मानतायत."

"चांगलंच आहे की. मानलं तर अभ्यास करतील." त्यांनी चिकटपट्टी दातानं तोडली. "आणि एक लक्षात ठेवा. फोटो कुणी टाकला? तुम्ही. नाव कुणी लिहिलं? तुम्ही. मी फक्त 'चालवा' म्हणालो. उद्या बोभाटा झाला तर गावातला एक तरी शाळावाला, क्लासवाला तुमच्या दुकानाची पायरी चढेल का? विचार करा."

मी केला विचार. जिना उतरेपर्यंत केला. खाली मुरली दारातच उभा.

"काय रे, सरांनी वळखला काय?"

"नाही बा," मी म्हणालो. "चार दिवस गेले. पाटी रंगवायला टाक."

दुकान बुडेल ही भीती होतीच. पण खरं सांगायचं तर मिशी पण होती. मला अजून जिंकायचं होतं.

शनिवारी दुपारी साडेबारा वाजता तो बेदाण्याच्या शेडवरचा माणूस माझ्या दुकानात आला. पायांत चपला नव्हत्या. हातात वहीचा फाडलेला कागद.

"मालक, हे दुकान तुमचंच का?"

"हो. का?"

"मी सदाशिव खिलारे. वर सरांचा वर्ग चालू हाय, आत सोडंनात. त्यो बोर्ड तुमी छापला न्हवं? त्यातलं तीन नंबरचं पोरगं, इंद्रजित, त्याचा पत्ता हाय का तुमच्याकडं?"

तो थेट माझ्या तोंडाकडं बघत होता. त्या पोराचं नाक, त्या पोराचे कान, सगळं त्याच्यासमोर एका हातावर होतं, आणि त्याला फक्त मिशी दिसत होती.

"कशाला?" मी विचारलं.

त्यानं कागद पुढं केला. अक्षर मोत्यासारखं.

'बाबा, मी पुण्याला इंद्रजितला भेटायला जाते. त्याला जमलं ते मला का जमत नाही ते विचारून येते. सरांनी पत्ता दिलाय. संध्याकाळी येते. रागावू नका.'

"सकाळी मी शेडवर गेलो, त्याच्या मागं गेली," खिलारे म्हणाला. "तिनं सांगलीच्या पल्याड काय बघितलं न्हाई मालक. पुणं किती लांब हाय ते पण तिला म्हाईत न्हाई. संध्याकाळी येते म्हणती. बुधवारपासनं मी तिच्याशी बोललो न्हाई. निस्ता इंद्रजित, इंद्रजित करत हुतो. ती भाकरी वाढायची, मी म्हणायचो, इंद्रजितची आई आत्ता पेढं वाटत असंल."

मी उठलो. "तुम्ही इथंच थांबा."

जिना मी तीन-तीन पायऱ्यांनी चढलो. वर्ग भरलेला होता. सरांना बाहेर ओढलं.

"काय पत्ता दिलात तिला?"

"कुणाला?"

"सर, पोरगी पुण्याला गेलीय. एकटी. काय पत्ता दिलात?"

सरांचा चेहरा खडूसारखा झाला. पहिल्यांदा त्यांनी आवाज खाली आणला. "ती काल परत आली होती. हटूनच बसली. मी म्हटलं, शनिवारवाड्याच्या मागं विद्यार्थी वसतिगृह, खोली नंबर बारा."

"खोली नंबर पण?"

"नंबर सांगितल्याशिवाय जाईचना ती! मला काय माहीत ती खरंच निघेल?" त्यांनी माझं मनगट धरलं. "वसंतराव, पोलिसांत गेलात तर माझं नाव..."

मी हात सोडवून खाली उतरलो.

खिलाऱ्याला घेऊन रस्ता ओलांडला, स्टँडवर गेलो. कंट्रोलर जाधव माझ्या ओळखीचा, मी त्याच्या पण दोन-तीन खोड्या काढलेल्या. मला बघून तो आधी सावध झाला. "आज काय आणलंस?" म्हणाला. मग माझं तोंड बघितलं, पोरीचं ऐकलं आणि रजिस्टर ओढलं.

"साडेनऊची पुणे," तो रजिस्टर बघत म्हणाला. "आत्ता साताऱ्यात शिरत असेल. थांब."

फोन लावला. साताऱ्याचा कंट्रोलर म्हणाला, गाडी आत्ताच लागली, बघून सांगतो, धरून ठेवा. जाधवनं फोन कानाला दाबून धरला. भिंतीवरच्या घड्याळात सेकंदाचा काटा अडखळत फिरत होता. खिलारे उभाच होता, त्याला बस म्हटलं तरी बसेना. बाहेर भोंग्यावर आटपाडीची गाडी पुकारत होते.

"हां, बोला," जाधव ताठ झाला. "पिवळा ड्रेस, दोन वेण्या... होती? मग? ... कऱ्हाडला?"

त्यानं फोन ठेवला. खिलाऱ्याकडं न बघता माझ्याकडं बघितलं.

"पुण्याचं तिकीट होतं. कऱ्हाडलाच उतरली. एका माणसाबरोबर. कंडक्टरला वाटलं, घरचाच कुणीतरी असेल."

कऱ्हाडचा स्टँड मला पाठ होता. त्याची मागची बाजू, रिक्षांची रांग, हायवेचा रस्ता. कुठूनही कुठंही जाता येतं. जाधव कऱ्हाडला फोन लावत होता. एंगेज. परत. एंगेज.

आणि खिलाऱ्याच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला.

"त्येच असतील," तो म्हणाला.

"कोण?"

"इंद्रजितचे वडील! दुसरं कोण? पोरगी एवढ्या लांबनं येतीय म्हटल्यावर सरांनी कळवलं असंल, आणि ते वाटंवर घ्यायला आलं असतील. रोजंदारीवाला माणूस हाय, मालक. लेकराची कदर असती असल्यांना." तो मटकन बाकावर बसला. डोळे पुसले. "माझा जीव गेला हुता बगा. आता काय काळजी न्हाई."

एंगेज, एंगेज. जाधव नंबर फिरवत होता.

मी खिलाऱ्याला तसंच बसू दिलं असतं. देवाशपथ सांगतो, एक क्षण मनात आलं की बसू दे. निदान पोरगी सापडेपर्यंत तरी बसू दे. पण तो बाकावर मागं टेकला, पाय पसरले, आता उठणारच नाही असा.

"खिलारेदादा, ते त्याचे वडील नाहीत."

"तुमाला काय म्हाईत?"

"त्याचे वडील माझेच वडील. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली." त्याला कळलं नाही. मी तळहातानं मिशी झाकली. "इंद्रजित नाहीच. तो मी आहे. दहावीतला. मी चेष्टा म्हणून टाकला. पैज होती."

जाधवचा हात डायलवर थांबला.

खिलारे उठला. मला वाटलं मारणार, आणि मला मार हवा होता. तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला, आधी मिशीवरच्या हाताकडं, मग कानांकडं, मग नाकाकडं.

"गाडी हाय का तुमच्याकडं?"

"मोटरसायकल."

"काढा."

तासगाव ते कऱ्हाड मी शंभर वेळा गेलोय. त्या दिवशीचा रस्ता मला आजही तुकड्या-तुकड्यानं आठवतो. प्रत्येक पिवळं काहीतरी दिसलं की माझा ब्रेकवर पाय जायचा. वाळत घातलेली साडी. हळदीचं पोतं. शाळेची बस. खिलाऱ्यानं माझ्या खांद्याला हात लावला नाही. मागच्या कॅरियरला धरून बसला होता, खड्ड्यात उडाला तरी. दीड तासात एकच वाक्य बोलला, विट्याच्या पुढं कुठंतरी. "एक्काहत्तर पडले तवा मी पेढं आणले हुते. अख्ख्या गल्लीत वाटलं."

मुरलीशी मी गुरुवारी खोटं बोललो नसतो, तर गुरुवारीच मिशी उतरली असती, फ्लेक्स उतरला असता. हे मला सुचत होतं, पुनःपुन्हा, प्रत्येक मैलाच्या दगडाला. फक्त अर्धी मिशी द्यायची होती.

कऱ्हाडच्या स्टँडवर गाडी मी कशी लावली, लावली का नुसती सोडली, ठाऊक नाही. कंट्रोलरच्या खोलीत शिरलो.

पिवळा ड्रेस.

बाकावर बसली होती. मांडीवर दप्तर. शेजारी धोतर-कोट घातलेले एक म्हातारे गृहस्थ, हातात मिटलेली छत्री. दोघांच्या मधे कागदावर अर्धा वडा. समोर कंट्रोलर फोनवर नंबर फिरवत चिडलेला, "तासगाव सारखं एंगेजच लागतंय बुवा!"

आम्ही तिकडून लावत होतो, हे इकडून.

खिलारे दारातच खाली बसला. पोरगी धावत आली. "बाबा, तुम्ही चपला घातल्या नाहीत?" म्हणाली.

म्हातारे उठले. "तुम्ही वडील? बरं झालं. माझी शेजारची सीट होती. कुणाकडं निघालीस म्हटलं, तर हिनं पत्ता दाखवला. मी त्याच भागात राहतो, अठ्ठावीस वर्षं झाली. तिथं असलं वसतिगृह नाही. आधी वाटलं सांगू नये, घाबरेल. मग म्हटलं, नाही सांगितलं तर ही स्वारगेटला उतरून शोधत फिरेल. सांगून टाकलं. बिचारीनं खूप वेळ विश्वासच ठेवला नाही. मग इथं उतरवून घेतलं, तासगावला फोन लावायला."

"तुमची गाडी गेली की," मी म्हणालो.

"दुसरी येते," ते म्हणाले आणि छत्री उचलून फलाटाकडं गेले. नावसुद्धा विचारायचं राहिलं.

रेवतीनं बापाचा हात धरला होता. "बाबा, ते आजोबा म्हणतात तिथं कुणी राहत नाही. मग इंद्रजित कुठं असतो?"

खिलाऱ्यानं माझ्याकडं बोट केलं. "ह्यांना इचार."

पोरगी माझ्याकडं बघायला लागली. तिच्या डोळ्यांत अजून आशा होती. ती मला बघवेना.

"सापडलाय," मी म्हणालो. "उद्या सकाळी दहा वाजता चौकात ये. भेटवतो. खोटं नाही."

संध्याकाळी मुरलीला सगळं सांगितलं. तो दिवसभर चेष्टेच्या तयारीत होता, ऐकता ऐकता खुर्चीत बसला.

"म्हंजे सरांनी वळखला हुता?"

"दुसऱ्याच दिवशी. मला गुरुवारी बोलले. तू गुरुवारीच जिंकलास, मुरली."

"आणि तू मला पाटी रंगवायला लावलीस?"

"हो."

तो बराच वेळ कंगव्यातले केस काढत राहिला. "ऱ्हाऊ दे. आपल्यातली पैज हाय. मी सोडली."

"मी नाही सोडली. उद्या दहाला. स्टूल तुझंच आण, माझं डगमगतं."

रविवारचा बाजार असतो, चौक भरलेला होता. फ्लेक्सच्या बरोबर खाली मी स्टूल मांडून बसलो. गळ्यात मुरलीचा पांढरा टॉवेल. लोक जमायला वेळ लागला नाही, मी काही करतोय म्हटल्यावर गावाला सवय होती. "आज कसलं उद्घाटन?" कुणीतरी ओरडलं. हशा झाला. त्या गर्दीत माझं अर्ध्याहून जास्त गिऱ्हाईक होतं.

वरच्या गॅलरीत कोळेकर सर आले. "वसंतराव! हे काय चाललंय? वर या, आपण बोलू."

"सर, प्रूफ दाखवायचं राहिलं होतं," मी मान वर करून म्हणालो. "ह्या खेपेला नीट बघून घ्या."

खिलारे आणि रेवती रसवंतीच्या कडेला येऊन उभे राहिले. आज तिच्या पुढं-मागं कुणी नव्हतं, बाप शेजारी होता.

"ऐका!" मी ओरडलो. आवाज फाटला, परत ओरडलो. "मी पैज हरलोय. वरचा तीन नंबरचा पोरगा इंद्रजित, तो नाही! तो मी टाकलाय. सरांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि आम्ही दोघं गप्प बसलो. त्याला शोधायला ही पोरगी काल एकटी पुण्याला निघाली होती. घे मुरली."

हशा थांबला. मुरलीनं साबण लावला. "हलू नको रं," तो हळूच म्हणाला, "कापंल." डावी बाजू गेली. वीस वर्षांत पहिल्यांदा ओठावर वारा लागला.

लोकांच्या नजरा वर-खाली होत होत्या, फ्लेक्सकडं, माझ्याकडं, फ्लेक्सकडं. गॅलरीत आता कुणी नव्हतं.

रेवती दोन पावलं पुढं आली. तिनं हात वर करून तळवा डोळ्यासमोर धरला, माझी उजवी बाजू, मिशीची, झाकली. एक डोळा मिटला. तशी बराच वेळ बघत राहिली.

"हाच हाय, बाबा," ती म्हणाली.

मग मला म्हणाली, "काका, तुम्हाला खरे किती पडले होते?"

मी मुरलीकडं बघितलं. तो टॉवेलाला वस्तरा पुसत होता, तो पण थांबला. पैजेत हे नव्हतं.

"मोठ्यानं सांगा," खिलारे म्हणाला. "सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

मी स्टुलावर उभा राहिलो. अर्ध्या मिशीनिशी, टॉवेलासकट.

"गणित अकरा!" मी ओरडलो. "इंग्रजी एकोणीस! नापास!"

गर्दीतून आधी एकच हसू आलं, बारीक. रेवतीचं. तोंडावर हात दाबून ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. तिच्या डोक्यावर हात ठेवून खिलारे चौकाकडं वळला, आणि माझ्याहून मोठ्यानं ओरडला,

"आमच्या पोरीला एक्काहत्तर हाईत!"